चिनी मुळ्या, मूळपेशी आणि मोडलेलं हाड

पावसाळा सुरू झाला की आमच्या केंद्रावर पडण्या-झडण्याचे फोन वाढतात. अंगणातल्या शेवाळावरून सासूबाई घसरल्या, गोठ्यात गाईनं ढकललं, मोटरसायकल बांधावरून खाली गेली. गेल्या महिन्यात असाच एक फोन आला, पण त्यातला प्रश्न निराळा होता. फोन करणाऱ्या ताईंच्या यजमानांच्या नडगीचं हाड सात महिन्यांपूर्वी मोडलेलं. प्लॅस्टर घातलं, काढलं, पुन्हा घातलं. हाड जुळायला तयार नाही. डॉक्टरांनी आता ऑपरेशन सांगितलं होतं. त्यात कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून नडगीत भरायचं होतं. अशात बाजाराच्या दिवशी एक माणूस घरी येऊन एक डबा दाखवून गेला. डब्यावर चिनी अक्षरं, पानाफुलांचं चित्र, आणि वरून चिकटवलेली मराठी पट्टी: स्टेम सेल जागवणारी चिनी वनौषधी, हाड चाळीस दिवसांत जुळणार. किंमत १८,००० रुपये. ताईंनी विचारलं, "दोन शेळ्या विकल्या तर तेवढे होतात. विकू का?"

"विकू नका," एवढं आम्ही लगेच बोलून गेलो. पण ताई हुशार. त्यांचा पुढचा प्रश्न तयारच होता, "म्हणजे सगळं खोटंच आहे का?" आणि तिथं आम्ही अडखळलो. कारण सगळं खोटं नाही. चिनी वैद्यकात हाडासाठी मुळ्या आहेत, शेकडो वर्षांपासून आहेत. मूळपेशीही खऱ्या आहेत. त्या मुळ्यांचा आणि या पेशींचा काही संबंध लागतो का, यावर चीनमध्ये खरोखरच पुष्कळ काम चाललेलं आहे. खोटी आहे ती चिकटवलेली पट्टी. खरं कुठं संपतं आणि पट्टी कुठं सुरू होते, ते आज आपण सावकाशीनं पाहू.

आधी हाडाकडे बघू. हाड म्हणजे वाळलेलं लाकूड, असं आपल्याला वाटतं, कारण हाड आपण बघतो ते मेलेल्या जनावराचं. जिवंत हाड ओलं असतं, त्यात रक्त खेळत असतं, आणि ते सारखं मोडत आणि बांधलं जात असतं. हाडात दोन प्रकारचे कामकरी आहेत असं समजा. एक जुनं हाड खाऊन टाकणारे, दुसरे नवीन हाड बांधणारे गवंडी. तरुणपणी दोघांचं काम बरोबरीनं चालतं. पाळी गेल्यावर खाणारे पुढं जातात आणि गवंडी मागं पडतात, म्हणून साठीतल्या बाईचं मनगट नुसतं हात टेकून पडलं तरी मोडतं.

हाड मोडलं की पहिल्यांदा तिथं रक्त साठतं आणि त्याची गाठ होते. सूज येते, ठणका लागतो. आपल्याला ती सूज नकोशी वाटते, पण दुरुस्तीची हाक तिथूनच जाते. मग एक-दोन आठवड्यांत त्या जागी कानात असते तशी मऊ कूर्चा तयार होते. तिच्यात हळूहळू चुना भरतो आणि मोडलेल्या जागेभोवती हाडाचा ओबडधोबड गोळा होतो. एक्स-रेमध्ये तो ढगासारखा दिसतो. पुढं कित्येक महिने शरीर तो गोळा तासून तासून पूर्वीच्या आकारात आणतं. जखम भरल्यावर कातडीवर व्रण राहतो. हाडाचं तसं नाही, नीट जुळलेल्या हाडाच्या जागी पुन्हा हाडच येतं. मोठ्या माणसाचं मनगट साधारण सहा आठवड्यांत धरतं. नडगीला मात्र तीन-चार महिने किंवा जास्तही लागतात, कारण नडगीवर पुढच्या बाजूला मांस कमी आणि तिथला रक्तपुरवठाही बेताचा.

हे नवीन गवंडी येतात कुठून? मूळपेशींची गोष्ट इथून सुरू होते. हाडाच्या आतल्या मगजात आणि हाडावरच्या पातळ आवरणात काही पेशी अशा असतात, की त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. मळून ठेवलेल्या कणकेसारख्या. तिची पोळी होईल, पुरी होईल, नाहीतर वरणफळं होतील. तशाच या पेशींपासून हाड होऊ शकतं, कूर्चा होऊ शकते किंवा नुसती चरबीही होऊ शकते. मॉस्कोमध्ये अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन नावाच्या शास्त्रज्ञानं १९६० नंतरच्या काळात जनावरांचा मगज काचेच्या भांड्यात वाढवून पाहिला. मगजातल्या थोड्याच पेशी काचेला चिकटून वाढायच्या. त्या पुन्हा जनावराच्या शरीरात भलत्याच ठिकाणी रोवल्या, तर तिथं चक्क हाड तयार व्हायचं. पुढं १९९१ मध्ये अमेरिकेतल्या आर्नल्ड कॅप्लन यांनी या पेशींना मेसेन्कायमल स्टेम सेल असं नाव दिलं आणि ते जगभर रुळलं. गंमत पाहा, याच कॅप्लन यांनी २०१७ मध्ये लिहिलं की हे नाव आता बदला. कारण बाहेरून टोचलेल्या या पेशी स्वतः हाड किंवा कूर्चा होऊन बसतात असं फारसं दिसत नाही. त्या आजूबाजूच्या पेशींना निरोप देतात, आणि दुरुस्ती त्या जागच्याच पेशी करतात. पण तोवर स्टेम सेल हा शब्द जाहिरातवाल्यांच्या हाती लागलेला होता.

आता चीनकडे वळू. आपल्याकडे चीन म्हटलं की अजूनही पुष्कळांना सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते १९३८ साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला तिकडे गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. ते शिकलेले सर्जन. पण चीनच्या खेड्यापाड्यांत हाड मोडलं तर माणूस पिढ्यान् पिढ्या जायचा तो आपल्यासारखाच हाड बसवणाऱ्याकडे. या विषयावरचा चीनमधला सर्वांत जुना टिकून राहिलेला स्वतंत्र ग्रंथ नवव्या शतकातला आहे. त्याच्या प्रस्तावनेत एक गोष्ट आहे. डोंगरात एक म्हातारा साधू राहायचा. शेजारच्या शेतकऱ्याचा मुलगा फांद्या तोडायला झाडावर चढला, पडला, मान आणि हात मोडून बसला. साधूनं त्याला बरं केलं, आणि तिथून लोकांना त्याच्या विद्येचा पत्ता लागला. गोष्ट खरी असो वा रचलेली, त्या पुस्तकातला सल्ला मात्र पक्का आहे. हाड सरळ करा, कांबट्या बांधा, आणि सांधा अजिबात न हलवता ठेवू नका, अधूनमधून वाकवा.

चिनी वैद्यकाचं एक जुनं सूत्र असं, की मूत्रपिंड हाडांवर राज्य करतं आणि मगज निर्माण करतं. इथं मूत्रपिंड म्हणजे आपल्या पाठीतलं लघवी गाळणारं इंद्रिय एवढंच नव्हे. जन्माबरोबर मिळालेली, वयाबरोबर झिजणारी शक्ती असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या वैद्यांना हे परकं वाटणार नाही. अस्थी आणि मज्जा हे शेजारचे धातू, हे आयुर्वेदही सांगतो. हाडाचं मूळ मगजात शोधायची दिशा दोन्हीकडे आहे. आज काही चिनी संशोधक म्हणतात, की पूर्वजांनी मगज म्हटलं आणि आम्हाला तिथं मूळपेशी सापडल्या. आम्हाला ही जुळवाजुळव थोडी ओढूनताणून केलेली वाटते. जुन्या माणसांनी हाड फोडून आत मगज पाहिला होता, पेशी पाहिल्या नव्हत्या. पण अशा सूत्रावरून कुठं शोधायचं ते सुचतं, हेही खरं.

औषधं द्यायची चिनी पद्धत तीन टप्प्यांची. पहिल्या दिवसांत साकळलेलं रक्त हलवायचं. त्यासाठी जे मुख्य द्रव्य आहे, ते ऐकून तुम्ही हसाल. करडईची फुलं. चिनी भाषेत हुंग-ह्वा, म्हणजे लाल फूल. आपल्या सोलापूर-मराठवाड्यातल्या शेतातली तीच करडई. जाता जाता सांगतो, गरोदर बाईला हे फूल देऊ नये, असं चिनी वैद्यही बजावतात. दुसऱ्या टप्प्यात हाड आणि शिरा जोडणाऱ्या मुळ्या, तिसऱ्यात झिजलेली शक्ती भरून काढणाऱ्या. रक्ताची गाठ, मग गोळा, मग तासणी, हा हाडाचा क्रम आपण आत्ताच पाहिला. हाताला लागेल तेवढ्यावरूनच त्या लोकांनी हा क्रम ओळखला होता, याचं आम्हाला कौतुक वाटतं.

दुसऱ्या टप्प्यातल्या मुळ्यांची नावंच त्यांचं काम सांगतात. शू-दुआन, म्हणजे तुटलेलं पुढं चालू करणारी. आणि गू-सुई-बू, म्हणजे चुरा झालेलं हाड सांधणारी. ही गू-सुई-बू म्हणजे झाडांवर आणि खडकांवर वाढणाऱ्या एका नेच्याचं केसाळ खोड. तिला आधी माकडआलं म्हणायचे. आठव्या शतकातल्या एका चिनी सम्राटानं, हिच्यानं मोडलेलं बरं होतं म्हणून, हे भारदस्त नाव दिलं, अशी नोंद जुन्या ग्रंथांत आहे. आपल्या सह्याद्रीत झाडाच्या खोडाला धरून वाढणारं बाशिंग नावाचं नेचं तुम्ही पाहिलं असेल. ते हिचंच भावंड. भावंड म्हणजे तीच नव्हे, हे मात्र लक्षात असू द्या, नाहीतर उद्या कुणी रानात जाऊन बाशिंग खरवडून आणेल. तिसऱ्या टप्प्यात दू-चुंग झाडाची साल येते, आणि यिन-यांग-हुओ नावाचा पाला. हा पाला खाऊन बोकड माजावर येतात, असं तिथले धनगर सांगत, आणि नावही तसंच पडलं. रेडिओवर याहून जास्त खुलासा नको.

या मुळ्यांतून शास्त्रज्ञांनी एकेक द्रव्य वेगळं काढलं. यिन-यांग-हुओमधलं इकारिन, गू-सुई-बूमधलं नारिंजिन. नारिंजिन तुमच्या जिभेच्या ओळखीचं आहे. पपनस सोलताना पांढरी साल तोंडात गेली की जो कडवटपणा लागतो, तो मुख्यतः त्याचाच.

आता प्रयोग कसा होतो ते सांगतो. उंदराच्या मांडीच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या चिकटणाऱ्या पेशी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत वाढवायच्या. काही बश्यांत इकारिनचे थेंब टाकायचे, काहींत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ॲलिझरिन नावाचा लाल रंग ओतायचा. हा रंग पूर्वी मंजिष्ठेच्याच जातकुळीतल्या झुडपाच्या मुळांपासून काढत. तो चुन्याला धरतो, म्हणून जिथं पेशींनी चुना जमवला तिथं लाल ठिपके उठतात. इकारिन आणि नारिंजिन घातलेल्या बश्यांत ठिपके जास्त येतात, असं अनेक प्रयोगशाळांना दिसलेलं आहे. काही जण द्रव्य वेगळं न काढता आख्खा काढाच उंदराला पाजतात, मग त्याचं रक्त काढून त्यातलं पाणी बशीत घालतात. काढा पोटातून पचून जसा रक्तात पोचतो तसा पेशींना मिळावा, ही त्यामागची कल्पना. आम्हाला ही युक्ती आवडली. कुणी या द्रव्यांत भिजवलेला कृत्रिम हाडाचा सच्छिद्र तुकडा सशाच्या कवटीतल्या भोकात बसवून पाहतं. तिथंही हाड लवकर भरल्याचे निकाल आहेत.

मग अडतं कुठं? बशी आणि माणूस यांच्यामधल्या अंतरात. इकारिन तोंडानं घेतलं तर आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं. बशीत पेशींना जेवढं मिळालं तेवढं नडगीच्या मगजात पोचेल, असं धरून चालता येत नाही. उंदीर तरुण, धडधाकट, तंबाखू न खाणारा. त्याचं मोडलेलं हाड औषध न देताही महिना-सव्वा महिन्यात धरतं. आणि एक गोष्ट तर आम्हाला वाचल्यावर चटकाच लावून गेली. बशीतल्या मूळपेशींना हाडाच्या वाटेला लावण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा जे ठरलेलं मिश्रण वापरतात, त्यात डेक्सामेथासोन असतं. हे स्टेरॉइड. बशीत ते पेशींना हाड करायला लावतं. आणि तेच माणसाला महिनोन् महिने गोळीतून दिलं तर हाडं ठिसूळ करतं. म्हणजे नुसत्या बशीवर विश्वास ठेवला असता, तर स्टेरॉइड हे हाडांचं उत्तम टॉनिक ठरलं असतं!

माणसांवर काहीच झालं नाही असं नाही. हाँगकाँगमधल्या संशोधकांनी पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या १०० बायकांवर २४ महिने एक चाचणी केली, ती २००७ मध्ये छापून आली. निम्म्या बायकांना यिन-यांग-हुओमधली द्रव्यं, निम्म्यांना दिसायला तशीच पण निकामी गोळी, आणि कॅल्शियम सगळ्यांनाच. कुणाला काय मिळतंय हे ना बायकांना माहीत, ना तपासणाऱ्यांना. दोन वर्षांनी औषध घेतलेल्यांच्या कमरेच्या मणक्यांतली आणि खुब्याजवळची हाडाची घनता टिकून राहिली, किंचित वाढलीही. दुसऱ्या गटाची कमी झाली. चाचणी नेटकी आहे. पण तिनं मोजली ती घनता. मोडलेली नडगी लवकर जुळते का, हा प्रश्न तिनं विचारलाच नव्हता. १०० बायका म्हणजे आपल्या एका वाडीतल्या बायका. एवढ्यावरून लाखोंना औषध देता येत नाही. शिवाय ही द्रव्यं शरीरात थोडीफार स्त्री-संप्रेरकासारखी वागतात. त्यामुळे जिला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, तिनं डॉक्टरांशी बोलल्याखेरीज त्यांना हात लावू नये.

मूळ औषधाच्या आणि डब्याच्या नात्याबद्दल थोडं. चिनी वनस्पतीतून खरं औषध निघतं तेव्हा काय होतं, याचं नावाजलेलं उदाहरण तू योयो या बाईंचं. त्यांनी चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याच्या पुस्तकातला हिवतापाचा उपाय वाचला. पाला पाण्यात भिजवून पिळावा, असं त्यात होतं. त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेनं औषध मरत असावं. कमी तापमानाला अर्क काढला, आर्टेमिसिनिन हाती आलं, आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. डब्यांवर हे उदाहरण फार वापरतात. पण मधलं कुणी सांगत नाही. प्रत्येक पायरीवर मोजमाप झालं, आधी जनावरांवर आणि मग माणसांवर चाचणी झाली, आणि शेवटी गोळीत किती मिलिग्रॅम काय आहे ते छापलं गेलं. याच गे हाँगच्या पुस्तकात मोडलेल्या हाडाला बांबूच्या पट्ट्या बांधायचाही उपाय आहे.

त्या पट्ट्यांचं पुढं काय झालं, ते आम्हाला सगळ्या मुळ्यांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. १९५० आणि ६० च्या दशकांत त्येनजिन शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी, फांग शियेनची आणि शांग त्येनयू यांनी, जुन्या हाड बसवणाऱ्यांची कला शिकून घेतली आणि एक्स-रेखाली तपासली. विलोच्या लाकडाच्या लहान पट्ट्या, खाली कागदाच्या गाद्या, वरून कापडाचे बंद. सांधे मोकळे, बोटं हलती. हाड स्थिर आणि स्नायू चालते. हाताच्या दोन्ही हाडांच्या मोडीवरचं त्यांचं काम १९६३ मध्ये छापून आलं. बंद किती घट्ट, याचा त्यांचा नियम घरी आठवण्याजोगा आहे. बांधलेला बंद बोटानं वर-खाली एकेक सेंटिमीटर सरकला पाहिजे.

आपल्या सुश्रुतानंही हेच सांगून ठेवलंय, बंध सैल असेल तर हाड हलतं, घट्ट असेल तर सूज आणि वेदना. त्यानं थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण दिवसांत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी पट्टी सोडून पुन्हा बांधायला सांगितलं. एवढं जुनं शहाणपण घरात असताना आपण काय करतो? आमच्यातल्या एकीचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना चिंचेवरून पडला. कोपराजवळ हाड मोडलं. हाड बसवणाऱ्यानं लेप लावून, कांबट्या घालून करकचून आवळलं. रात्रभर पोर रडत होतं, बोटं थंड आणि निळी पडली होती. घरचे म्हणत होते, लेप काम करतोय, सोसायला हवं. तिसऱ्या दिवशी सोडलं तेव्हा हाताचे स्नायू मेले होते. आज तो चाळिशीचा आहे, बोटं आत वळलेली, शर्टाची बटणं बायको लावते. म्हणून हात जोडून सांगतो, प्लॅस्टर असो की पट्टी, बोटं बधिर झाली, निळी किंवा पांढरी पडली, बोट सरळ करताना जीव जाईल इतकं दुखलं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री जा. यात काही तासांचाच अवकाश असतो.

आणखी एक, डब्याबद्दल. वेदनेवरची चिनी किंवा देशी वनौषधी म्हणून विकलेल्या गोळ्यांत लपवलेलं स्टेरॉइड सापडल्याचे इशारे निरनिराळ्या देशांच्या औषध खात्यांनी अनेकदा दिले आहेत. आत्ता सांगितलेलं डेक्सामेथासोनच. दोन दिवसांत ठणका थांबतो, घरचे खूश होतात, आणि हाड आतून कमकुवत होत जातं. सांधेदुखीच्या काही चिनी काढ्यांत आपल्या बचनागाच्या जातकुळीतलं मूळही असतं. त्याची शुद्धी नीट झाली नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस जातो. केस काळे व्हायला आणि हाडं बळकट व्हायला घेतात त्या हो-शौ-वू या मुळीनं यकृत बिघडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. तान-शेन ही लाल मुळी रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिन गोळीचा परिणाम वाढवते आणि रक्तस्राव होऊ शकतो. झाडपाला आहे, अपाय होणार नाही, हे आपलं लाडकं वाक्य या तीन मुळ्यांपुढं टिकत नाही.

आपल्या कांडवेलीचं काय, असं बैठकीत लगेच कुणीतरी विचारलं. हिलाच आपण हाडजोड म्हणतो. तिच्यावरही आपल्याकडे असेच बशीतले आणि जनावरांवरचे प्रयोग झालेले आहेत, आणि निकाल आशा वाटावी असे आहेत. कुणी घरी कांडवेलीची चटणी करत असेल तर आमचं काही म्हणणं नाही. पण तिच्या भरवशावर एक्स-रे टाळू नका.

राहिल्या प्रत्यक्ष मूळपेशी. ताईंच्या डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन आठवतंय? कमरेच्या हाडातून हाड काढून नडगीत भरायचं. त्या चुऱ्यात माणसाच्या स्वतःच्या मूळपेशी असतातच. म्हणजे ताईंच्या यजमानांना खरा स्टेम सेलचा उपचार तालुक्याच्या डॉक्टरांनीच सुचवला होता, फक्त त्याला कुणी ते झगझगीत नाव दिलं नव्हतं. फ्रान्समध्ये फिलिप एर्निगू या डॉक्टरांनी नडगी न जुळलेल्या ६० रुग्णांच्या कमरेतून मगज काढला, त्यातल्या पेशी दाट केल्या आणि सुईनं मोडलेल्या जागी सोडल्या. २००५ मध्ये छापलेल्या निकालात ५३ जणांची नडगी जुळली होती. उरलेल्या सात जणांना मिळालेल्या मूळपेशींची संख्या कमी भरली. आशा धरावी असं हे काम आहे, पण तेही सुईनं नेमक्या जागी सोडलेल्या, मोजलेल्या, स्वतःच्या पेशींचं. डब्यातल्या भुकटीत जिवंत पेशी राहूच शकत नाहीत. आणि पेशी जागवणारं म्हणाल, तर ते बशीपुढं किती गेलंय ते आपण पाहिलं.

आपल्या देशाचा नियमही माहीत असू द्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये मूळपेशींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार तेव्हा रक्ताच्या काही आजारांसाठी मगज बदलतात तेवढाच मूळपेशींचा मान्य उपचार होता. बाकी सगळं तेव्हा चाचणीत होतं. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. शहरात गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन म्हणून कुणी लाखभर मागत असेल, तर ही चाचणी आहे का आणि तिची नोंदणी कुठं आहे, हे दोन प्रश्न विचारा. चीननंही २०१२ मध्ये आपल्याकडच्या विनापरवाना स्टेम सेल उपचारांवर बंदी आणली होती. तेव्हा चिनी पद्धत म्हणून कुणी सांगत असेल तर हेही ऐकवा.

ताईंना आम्ही आठ दिवसांनी पुन्हा फोन केला आणि यातलं बरंचसं सांगितलं. मग हाड का जुळलं नसावं याची चौकशी केली. बोलता बोलता निघालं, यजमान दिवसाला तंबाखूच्या तीन-चार पुड्या खातात. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाडाला रक्त कमी पडतं. साखर कधी तपासलेली नव्हती. डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारलं होतं, पण यजमानांनी नाही म्हणून सांगितलेलं! ताईंनी मग हळूच विचारलं, "आणि मिश्री? मी लावते सकाळ-संध्याकाळ." ती पण तंबाखूच, ताई. तुमच्या हाडांनाही तोच हिशेब लागू.

साखर तपासली, ती वाढलेलीच निघाली. ती आटोक्यात आल्यावर ऑपरेशन झालं, सरकारी योजनेत बसलं. परवा फोन आला तेव्हा एक्स-रेमध्ये थोडा ढग दिसायला लागलाय असं डॉक्टर म्हणाले म्हणून त्यांनी सांगितलं. पूर्ण जुळायला अजून काही महिने आहेत. तंबाखू एका पुडीवर आलीय, सुटलेली नाही. शेळ्या गोठ्यातच आहेत, त्यातली एक गाभण आहे. तो डबेवाला पुन्हा आला होता. ताईंनी त्याला डब्यावर परवाना क्रमांक कुठं छापलाय आणि आत काय काय किती घातलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. तो चहासुद्धा न घेता गेला म्हणे.